जागतिक पर्यावरणीय राजकारण शिकताना आणि शिकवताना या चुका टाळा

या विषयाच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक साचा हमखास दिसतो: पर्यावरणावरच्या गाजलेल्या परिषदा आणि करारांची यादी. 1972 स्टॉकहोम, 1987 मॉन्ट्रियल, 1992 रिओ, 1997 क्योटो, 2015 पॅरिस. प्रत्येकापुढे दोन-तीन ओळी आणि शेवटी ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’. सनावळी अचूक असते, पण त्यात राजकारण कुठेच नसतं. कोणाला काय हवं होतं, कोणी काय सोडलं, खर्चाची पावती कोणाच्या नावावर फाटली, याचा पत्ता नाही. विद्यार्थ्यांपेक्षा यात दोष शिकवण्याचा जास्त आहे.

‘इच्छाशक्ती नव्हती’ यावर उत्तर थांबवणं

हे वाक्य कुठल्याही कराराला चिकटवता येतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी विचारा: अडलं नेमकं कुठे?

विकसित देशांवर हरितगृह वायूंच्या कपातीचं बंधन घालणाऱ्या क्योटोचंच घ्या. करार डिसेंबर 1997 मधला. पण त्याच वर्षी जुलैत अमेरिकी सिनेटने 95 विरुद्ध 0 मतांनी ठराव करून ठेवला होता की, विकसनशील देशांवर त्याच कालावधीत बंधनं नसतील किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर फटका बसणार असेल, तर अशा करारावर सही करू नये. अमेरिकेत अशी नवी कायदेशीर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला सिनेटचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. क्लिंटन सरकारने 1998 मध्ये सही केली, पण करार सिनेटपुढे कधी ठेवलाच नाही.

हा धागा हातात असला की पॅरिसच्या हवामान परिषदेतला शेवटचा प्रसंग उलगडतो. 12 डिसेंबर 2015 च्या संध्याकाळी अंतिम मसुदा तयार होता आणि तरी बैठक सुरू होत नव्हती. कलम 4 च्या चौथ्या परिच्छेदात विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीच्या उद्दिष्टांबाबत ‘शॅल’ (केलंच पाहिजे) हे क्रियापद आलं होतं. ते राहिलं असतं तर कपात ही कायदेशीर सक्ती ठरली असती, करार सिनेटकडे न्यावा लागला असता आणि तिथे त्याचं काय झालं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी सचिवालयाने तांत्रिक दुरुस्त्यांची यादी वाचून दाखवली, त्यात ‘शॅल’चं ‘शुड’ (करावं) झालं आणि थोड्याच वेळात परिषदेचे अध्यक्ष लोरां फाब्युस यांनी हातोडा आपटला. एका देशाच्या संसदेचा नियम जगाच्या कराराला आकार कसा देतो, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. यावर अख्खा तास द्यावा.

मूळ कागद न वाचता बातम्यांवर भागवणं

‘परिषद अपयशी’ किंवा ‘ऐतिहासिक करार’ हे मथळे वाचून निबंध लिहिले जातात. मूळ निर्णय मात्र इंटरनेटवर मोफत उपलब्ध असतात आणि सहसा कोणी उघडत नाही. भाषा रुक्ष आहे खरी, पण वाचायची रीत एकदा कळली की गोडी लागते.

मसुद्यातला चौकटी कंस म्हणजे न मिटलेलं भांडण. वर्गात कंसांनी भरलेला एकच परिच्छेद द्या आणि विचारा, हा पर्याय कोणत्या गटाने घातला असेल? मग क्रियापदं पाहायला लावा. परिषद काही गोष्टी ‘ठरवते’, काहींसाठी ‘आवाहन करते’, काहींची नुसती ‘नोंद घेते’. 2018 मध्ये पोलंडमधल्या कातोवित्सेच्या हवामान परिषदेत दीड अंश तापमानवाढीवरच्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांचं हवामान-शास्त्रज्ञांचं मंडळ) अहवालाचं ‘स्वागत’ करायचं की फक्त ‘नोंद’ घ्यायची, यावर जोरदार वाद झाला. मालदीवने स्वागत हा शब्द सुचवला. सौदी अरेबिया, अमेरिका, रशिया आणि कुवेत अडून बसले.

‘विकसनशील देश’ हा एकच माणूस समजणं

वरच्या वादाकडे पुन्हा पाहा. मालदीव आणि सौदी अरेबिया दोघेही जी-77 या विकसनशील देशांच्या गटाचे सदस्य. एकाची जमीन समुद्रात जाण्याची भीती, दुसऱ्याच्या तिजोरीचा आधार तेल. या गटात 130 हून अधिक देश आहेत. अर्थसाहाय्याच्या मुद्द्यावर ते एकत्र उभे राहतात, उत्सर्जनाच्या मुद्द्यावर फुटतात. उत्तर विरुद्ध दक्षिण ही मांडणी पहिल्या आठवड्यापुरती ठीक. सत्र संपेपर्यंत विद्यार्थ्याला छोट्या बेटांचा गट, अल्पविकसित देशांचा गट आणि तेल निर्यातदार यांच्या भूमिका वेगवेगळ्या सांगता आल्या पाहिजेत.

‘ओझोनचं जमलं, मग हवामानाचं का नाही?’

प्रश्न उत्तम आहे. चूक होते ती उत्तर गृहीत धरण्यात. ओझोनचा करार म्हणजे 1987 चा मॉन्ट्रियल. ओझोन घटवणारी रसायनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायी रसायनं आवाक्यात होती. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली, 1990 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र निधी उभा राहिला आणि कराराबाहेरच्या देशांशी या रसायनांचा व्यापार करण्यावर बंधनं आली. म्हणजे बाहेर राहणं महाग आणि आत येणं परवडणारं. कोळसा आणि तेल मात्र वीज, वाहतूक, खत, पोलाद अशा सगळ्यांत मुरलेलं आहे. विद्यार्थ्यांना फरकांचा तक्ता करायला लावा आणि मग विचारा, यातलं काय तरीही उचलता येईल? 2016 च्या किगाली दुरुस्तीने याच जुन्या करारात एचएफसी (शीतकरणात वापरले जाणारे) हे हरितगृह वायू आणले, हे तिथे आपोआप निघतं.

आकडा मांडून मोकळं होणं

सर्वात मोठा प्रदूषक कोण? वार्षिक उत्सर्जन पाहिलं तर चीन. औद्योगिक क्रांतीपासूनचा कार्बन डायऑक्साइड मोजला तर अमेरिका, सुमारे एक चतुर्थांश. दरडोई काढलं तर कतारसारखे छोटे देश वर येतात. वस्तू कुठे बनली यापेक्षा कुठे वापरली गेली हे धरलं, तर चित्र पुन्हा बदलतं. मोजमापाची निवड हीच मुळात राजकीय असते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी कोणतं वर्ष, कोणते वायू, कोणाची हद्द आणि कशाने भागलं, हे लिहायची सवय लावा. न लिहिल्यास गुण कापा.

तासाभरात एकमत होणारी अभिरूप परिषद

देश वाटून दिले, भाषणं झाली, सगळे हसत करारावर सह्या करून उठले, तर शिकणं झालं नाही. प्रत्येक शिष्टमंडळाला गुप्त सूचनापत्र द्या: कशावर अजिबात मागे हटायचं नाही, कशाच्या बदल्यात काय सोडता येईल. एका छोट्या देशाचं शिष्टमंडळ एकाच विद्यार्थ्याचं ठेवा आणि तीन बैठका एकाच वेळी तीन खोल्यांत लावा. त्या विद्यार्थ्याची होणारी धावपळ हाच धडा आहे. प्रत्यक्षातही छोट्या देशांचं असंच होतं. शिवाय मतदान ठेवू नका. हवामान परिषदेच्या कार्यपद्धतीतला मतदानाचा नियम आजवर मंजूरच झालेला नाही, त्यामुळे सगळं सर्वसहमतीवर चालतं.

सगळा अभ्यासक्रम हवामानानेच भरणं

धोकादायक कचऱ्यावरचा बाझल करार, वन्यजीव व्यापारावरचा साइट्स, पाऱ्यावरचा मिनामाता यांना किमान एकेक तास हवाच. प्लास्टिक कराराचा वाद तर डोळ्यांसमोर चालू आहे: 2022 मध्ये नैरोबीत वाटाघाटींचा निर्णय झाला, पण 2024 ला बुसानमध्ये आणि 2025 ला जिनिव्हात एकमत झालं नाही. उत्पादनावरच मर्यादा घालायची की फक्त कचरा सांभाळायचा, हा कळीचा मुद्दा.

वर्गातली हताशा झाकणं

सत्राच्या मध्यावर वर्ग गप्प होतो. ‘सगळं ठीक होईल’ म्हणून वेळ मारून नेऊ नका, मुलांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा काळाचा पल्ला दाखवा. समुद्रपातळी वाढीच्या नुकसानीची भरपाई मिळावी, हा प्रस्ताव पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेट-देशाने छोट्या बेटांच्या वतीने 1991 मध्ये मांडला. हवामान बदलाने होणाऱ्या नुकसानीसाठीच्या ‘हानी आणि नुकसान’ निधीचा निर्णय 2022 मध्ये झाला. 2019 मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागण्याची मोहीम काढली, वानुआतूने ती उचलली आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने देशांच्या हवामानविषयक कर्तव्यांवर आपलं मत दिलं. हानी आणि नुकसान निधी अजून गरजेच्या मानाने फारच तोकडा आहे, हेही त्याच तासात सांगा.

प्रबंधाचा विषय आभाळाएवढा घेणं

‘जागतिक हवामान राजकारण: एक अभ्यास’ या शीर्षकाखाली कोणीही बुडेल. एक करार, एक कलम, एक गट आणि दोन-तीन बैठका एवढं पुरे. ‘अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन’ 1992 पासून वाटाघाटींचा रोजचा वृत्तांत छापतं आणि तो खुला आहे. त्यातून कोण काय बोललं ते काढा, देशांनी सचिवालयाकडे दिलेल्या लेखी निवेदनांशी ताडून पाहा. दोन्हींत तफावत सापडली तर प्रबंधाचा प्रश्न तिथेच मिळाला.