कोविडच्या लाटेत हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग: वॉर्डाची तयारी

तापाचा रुग्ण आला की स्वॅबच्या आधी एक प्रश्न: हृदयाचं काही? कृत्रिम झडप, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप, जन्मजात दोष, पेसमेकर, डायलिसिसचा कॅथेटर, पूर्वीचा एंडोकार्डायटिस (म्हणजे हाच झडपेचा जंतुसंसर्ग), यातलं एकही असलं तर स्वॅबसोबतच ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) जायला हवं. स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून कल्चर रद्द करू नये. एकाच माणसाला कोविड आणि झडपेचा संसर्ग, दोन्ही असू शकतात.

कल्चरचा ट्रे पीपीई चढवण्याआधीच भरून ठेवा. आत गेल्यावर बाटली राहिली की परत बाहेर कोण जातं? मग बाटल्यांच्या एका संचावर भागवलं जातं आणि निदान तिथेच हुकतं. तीन संच, तीन वेगळ्या टोचण्या, सलाईनच्या लाईनमधून नाही. त्वचेला क्लोरहेक्सिडिन लावून पूर्ण वाळू द्या, बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा, दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त. पहिल्या आणि शेवटच्या संचात किमान तासाभराचं अंतर. बीपी कोसळत असेल तर पाठोपाठ काढून लगेच अँटिबायोटिक. घरी किंवा फॅमिली डॉक्टरकडे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन अशी अँटिबायोटिक्स झालीत का, ते विचारून लॅबच्या फॉर्मवर लिहा, कारण त्यानंतर कल्चर निगेटिव्ह आलं तरी संसर्ग नाही असं म्हणता येत नाही.

इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी छातीवरून, बेडपाशी. अन्ननलिकेतून करायचा इको खोकला आणतो, म्हणून एन-९५, गॉगल, गाऊन आणि खोलीत मोजकीच माणसं. कृत्रिम झडप असेल तर छातीवरचा इको स्वच्छ दिसला तरी थांबू नये. अन्ननलिकेचा जमत नसेल तर हृदयाचा सीटी. फुफ्फुसाच्या सीटीत कडेला गोल, पोकळ गाठी दिसल्या तर कोविडवर ढकलू नका, हृदयाच्या उजव्या बाजूची झडप तपासा, तिथून जंतूंच्या गुठळ्या फुफ्फुसात जातात.

स्टिरॉइड चालू असताना ताप आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) दोन्ही उतरतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नये. रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचा पूर्ण डोस देण्याआधी डोकेदुखी, हातापायाचा अशक्तपणा विचारा. शंका असेल तर मेंदूचा स्कॅन, कारण मेंदूत रक्तस्रावाचा धोका इथे खरा आहे. संसर्ग महाधमनीच्या झडपेत असेल तर रोज ईसीजी, त्यातलं पीआर अंतर (वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ) लांबलं तर झडपेशेजारी गळू झाल्याचा संशय. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). औषध साधारण ४ ते ६ आठवडे चालतं, म्हणून पीआयसीसी लाईन (दंडाच्या शिरेतून घातलेली, बरेच दिवस टिकणारी नळी) आणि घरी इंजेक्शनची सोय पहिल्या आठवड्यातच ठरवा.

सर्जनचा फोन पहिल्याच दिवशी. झडपेतून रक्त मागे गळून हार्ट फेल्युअर किंवा गळू असेल तर ते ऑपरेशन ‘लाट ओसरल्यावर’च्या यादीत बसत नाही.