बिडाचा तवा मुरवायचा कसा, जपायचा कसा

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी 29 वर्षं मोल्डर होतो, साचे करायचो. पंपाची केसिंगं, पुल्या, मशिनचे बेड असं बरंच काही ओतलं. तवा एकही ओतला नाही, पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हाताखालून इतकं गेलं की त्याचा स्वभाव कळला. निवृत्तीनंतर सिडकोतल्या आमच्या कॉलनीत कुणाचा तवा चिकटायला लागला की तो माझ्याकडे येतो. आलेल्या बहुतेक तव्यांचं दुखणं एकच असतं. तेल फार झालेलं असतं. बोट लावलं की चिकटतं, खवट वास येतो, आणि तवा घेऊन आलेली मुलगी सांगते, "काका, दर आठवड्याला न चुकता तेल लावते हो मी." लावलेलं तेल पुसून काढायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे मी जे काही लिहिलंय ते मुख्यतः त्या पुसण्यासाठी आहे.

आधी तवा बिडाचाच आहे ना, ते बघा. 'लोखंडी तवा' म्हणून बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक पत्र्याचा, ठोकून किंवा दाबून केलेला. तो हलका असतो, पडला तर त्याला पोचा पडतो. दुसरा बिडाचा, ओतीव. दहा इंची तवा दोन किलोच्या आसपास भरतो आणि फरशीवर पडला तर फुटतो. त्याच्या पाठीवरून हात फिरवा, बारीक रवा लागेल. तो वाळूचा ठसा असतो. आम्ही ओलसर वाळूच्या साच्यात 1350 अंशांच्या आसपास तापलेला रस ओततो, तेव्हा वाळूच्या कणाकणाची खूण लोखंडावर उमटते. काही तवे वरून मशिनवर घासून गुळगुळीत केलेले असतात. दोन्ही चांगले. खरखरीत तवा मुरायला थोडा वेळ घेतो, पण त्याच्यावर तेलाचा थर घट्ट बसतो.

घ्यायला मी भांडी बाजारात जातो, नाहीतर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात. घेताना तव्याच्या कानात, म्हणजे कडेच्या पकडीत, एक बोट घालून तो लोंबकळत धरायचा आणि चमच्यानं टिचकी मारायची. माठ वाजवून घेतो तसंच. 'टण्ण' असा आवाज रेंगाळला तर ठीक. 'ठप्प' किंवा फाटका आवाज आला की कुठेतरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. ओतकामात रसाबरोबर हवा अडकली की भोकं राहतात, आणि अशी भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवून वर काळा रंग मारायची वाईट खोड आमच्या धंद्यात आहे. संशयाच्या जागी नखानं खरवडून बघा.

घरी आणला की पहिलं काम धुण्याचं. गंज धरू नये म्हणून नव्या तव्याला तेलाचा किंवा मेणाचा हात दिलेला असतो. तो पोटात जायला नको. कडकडीत गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि काथ्या घेऊन दोन-तीनदा घासा, फडकं काळं यायचं कमी होईपर्यंत. दक्षिणेकडे नवं बीड काही दिवस तांदळाच्या पेजेत भिजवून ठेवतात, रोज पेज बदलतात. तेही चांगलं, वेळ असेल तर करा. धुतल्यावर मात्र पाच मिनिटंसुद्धा ओला ठेवू नका. लगेच पुसून मंद गॅसवर ठेवा. डोळ्यांना कोरडा दिसणारा तवा कोरडा नसतो, त्या रव्यात पाणी बसलेलं असतं.

आता मुरवणं, म्हणजे तेलाचे पातळ थर तापवून तव्यावर पक्के करणं. तवा हाताला सोसेल इतका कोमट असताना अर्धा चमचा तेल घ्या. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, करडईचं, घरात असेल ते. जुन्या धोतराच्या फडक्यानं ते वर, खाली, कडेला, कानाला, सगळीकडे चोळा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि तेल चुकून सांडलंय असं समजून सगळं पुसून टाका. जोर लावून पुसा. पुसल्यावर तवा ओला चमकता कामा नये, नुसता किंचित गडद दिसला पाहिजे. आपल्याला वाटतं, सगळंच निघून गेलं. गेलेलं नसतं. उरतं तेवढंच हवं असतं.

मग खिडकी उघडा आणि मध्यम आचेवर तवा ठेवा. घरातल्या शेगडीची ज्योत मध्येच लागते, म्हणून आधी मधोमध धूर येईल. तो दिसला की दर तीन-चार मिनिटांनी तवा सरकवा, कड ज्योतीवर आणा, फिरवा. पातळ निळसर धूर सगळीकडून येऊन थांबला की एक हात झाला. वीसेक मिनिटं लागतात. गॅस बंद करा, आपोआप निवू द्या. असे चार हात द्या, दोन दिवसांत दिले तरी चालतील. पहिल्या हातानंतर तवा कोऱ्या चहासारखा तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. घाबरू नका, चौथ्यापर्यंत रंग एकसारखा होत जातो, काळा कुळकुळीत मात्र वापरानंच होतो. मोठा ओव्हन असेल तर काम सोपं. तवा पालथा घाला, 230 ते 250 अंशांवर तासभर ठेवा आणि आतच निवू द्या. उष्णता सगळीकडून सारखी लागते.

पुसण्यावर मी इतका अडून का बसतो, ते सांगतो. पोकळ वस्तू ओतायची तर साच्याच्या पोटात वाळूचा एक गाभा ठेवावा लागतो, त्याला आम्ही कोअर म्हणतो. मी लागलो तेव्हा आमच्याकडे कोअरच्या वाळूत जवसाचं तेल मिसळायचे आणि तो ओव्हनमध्ये भाजायचे. आत जाताना बोटानं मोडेल इतका मऊ, बाहेर येताना विटेसारखा कडक. तेलाला उष्णता आणि हवा मिळाली की त्याचे कण एकमेकांना धरून साखळ्या करतात, आणि तेल तेल राहत नाही, त्याची कडक कातडी होते. एकदा एका नव्या पोरानं प्रेमानं तेलाचा हात सढळ ठेवला. कोअर वरून तपकिरी, टणक दिसला. फोडला तर आत चिखल. आतपर्यंत हवा पोहोचलीच नव्हती. तव्यावर नेमकं हेच होतं. जाड थर वरून साय धरतो आणि खाली चिकट राहतो. पहिलं धिरडं त्यालाच घेऊन वर येतं.

जवसाच्या तेलाबद्दल बरेच जण विचारतात. त्याचा थर सगळ्यात कडक आणि आरशासारखा होतो हे खरं. पण तितकाच तो ठिसूळ असतो. मी स्वतः एका तव्याला जवसाचे सहा हात दिले होते. दोन महिन्यांत माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे सुटले आणि सगळं खरवडून नव्यानं करावं लागलं. तेव्हापासून मी शेंगदाण्यावर आहे. तूप आणि खोबरेल मात्र यासाठी नको, त्यांची कातडी नीट धरत नाही.

चार हात झाले म्हणजे तवा मुरला असं नाही, तो फक्त वापरायला तयार झाला. पहिल्या दिवशी धिरडं किंवा घावन घालू नका, हमखास चिकटेल आणि तुमचा जीव जाईल. आधी दोन-तीन दिवस कांदा परता, मग थालीपिठं लावा. थालीपिठाला मध्ये भोक पाडून तेल सोडतो आपण, ते तव्याला फार मानवतं. पंधरवड्यानं धिरड्याकडे या. त्या वेळी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. आपल्या जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही, पण त्यातही उन्हाळ, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा, घ्या. तो घट्ट असतो, दाबून फिरवला तरी पाकळ्या सुटत नाहीत. पावसाळी पोळ कांद्याला पाणी फार, त्यानं तवा नुसता चरचरतो.

आणि तवा तापू द्या. बीड सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. मोठ्या आचेवर घाई केली तर मध्य जळतो आणि कड थंड राहते. मंद-मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्या, मग पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा पळाला की सुरुवात करा. इंडक्शनवर बीड छान चालतं, फक्त सुरुवात सगळ्यात कमी आचेवर करा.

भाकरीचा तवा जमलं तर वेगळा ठेवा. भाकरीला तेल नसतं, वर पाणी फिरवतो आपण, आणि पीठ जळून राहतं. त्यानं थर हळूहळू कोरडा पडतो. आमच्याकडे एकच तवा होता तेव्हा बायको भाकऱ्या झाल्या की जळकं पीठ फडक्यानं झाडून, गरम तव्यावरच तेलाचं बोट फिरवून पुसून घ्यायची. एवढ्यानंही भागतं.

रोजची निगा दोन मिनिटांची आहे. तवा कोमट झाला की गरम पाणी आणि काथ्या. काही चिकटलं असेल तर जाडं मीठ टाकून घासा. साबणाला लोक उगाच भितात. मुरलेला थर साबणानं जात नाही, कारण तो आता तेल राहिलेला नाही. तारेच्या घासणीनं मात्र जातो. पाण्यात भिजत ठेवू नका. धुतला की गॅसवर वाळवा, दोन थेंब तेल फिरवा, पुसा.

तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका. आईचा तवा मी असाच गमावला. नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती, बीड म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. रात्री जेवणं झाल्यावर आईला मदत म्हणून चुलीवरून उतरवलेला तवा मोरीत नेला आणि नळ सोडला. एकच आवाज झाला, 'टक्'. कडेपासून चार बोटं आत केसाएवढी चीर. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो लोखंडात पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. चिरेला वाट आधीच आखून ठेवलेली असते. एक बाजू एकदम आकसली की ती त्या वाटेनं धावते. वेल्डिंग करायला लोक सांगतात, पण बीड वेल्ड करणं अवघड, आणि रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या तव्यात तो जोड टिकत नाही. आई काही बोलली नाही. तो तवा तिच्या सासूचा होता.

आंबटाचं बोलायचं तर चिंच, कोकम, टोमॅटो थर खातात. टोमॅटो परतलात म्हणून तवा बिघडत नाही, पण चिंचेची आमटी बिडाच्या कढईत उकळत ठेवू नका, आणि काहीच रात्रभर ठेवू नका. वांगं किंवा आवळा काळा पडतो तो त्यातल्या तुरट अंशाची लोखंडाशी गाठ पडते म्हणून. मेंदी लोखंडी कढईत भिजवतात ती याच कारणानं. ते काळेपण विषारी नाही. बिडातलं थोडं लोह अन्नात उतरतं, आंबट पदार्थात जास्त, आणि ते बहुतेकांच्या शरीराला उपयोगी असतं.

गंजलेला तवा टाकून देऊ नका. 2016 च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं. माझी ताई त्याच भागात तळमजल्यावर राहायची. पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघरात घोटाभर गाळ होता. तवा मिळाला तो चार दिवसांनी, ओट्याखाली, विटेच्या रंगाचा. ताई म्हणाली, "भंगारात दे." मी पिशवीत घालून घरी आणला.

आधी सुका गंज तारेच्या ब्रशनं झाडला. मग सपाट टबात व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून तवा बुडवला. अर्ध्या तासानं काढून घासायचा, उरला असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवायचा नाही, कारण गंज संपला की व्हिनेगर लोखंडच खायला लागतं. खोलवरच्या डागांना 120 नंबरचा पॉलिश पेपर मारला. खाली राखाडी, चांदीसारखं उघडं बीड लागलं. अशा उघड्या बिडाला बघता बघता पुन्हा केशरी झाक येते, म्हणून साबणानं धुऊन थेट गॅसवर ठेवायचा आणि कोमट होताच तेल. पुढे तेच, चोळा, पुसा, तापवा. त्या तव्याला मी सहा हात दिले.

पावसाळ्यात आठ-दहा दिवस वापर नसेल तर तवा पुसून वर्तमानपत्रात गुंडाळा, त्यावर दुसरं भांडं ठेवायचं तर मध्ये कागदाची घडी घाला, आणि ओट्याखाली ओलसर जागी ठेवू नका. ताई आता पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तवा शेगडीजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिनं त्यावर ज्वारीची धिरडी केली. चौथ्या धिरड्यापासून उलथणं लावावंच लागलं नाही, तवा नुसता हलवला की ती सरकत होती.