घरची पहिली बिअर: बनवायची कशी आणि मुख्य म्हणजे बाटलीत भरायची कशी

ज्या घरात दह्याला विरजण लागतं आणि इडलीचं पीठ रात्रीत फुगून येतं त्या घरात बिअरही होते, कारण काम तेच आहे, एका जिवंत जंतूला खायला द्यायचं, उबेला ठेवायचं आणि मध्ये मध्ये झाकण उघडून त्याला त्रास द्यायचा नाही. मी न्यू जर्सीत राहतो, गेली काही वर्षं बेसमेंटमध्ये बिअर बनवतोय, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना पहिल्या बॅचला मदत केलीये. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो, उकळायचा दिवस जवळजवळ सगळ्यांचा नीट जातो कारण त्या दिवशी उत्साह असतो, पण वाट लागते ती बाटल्या भरताना. म्हणून इथे पातेल्याचा भाग भरभर सांगणारे आणि बाटलीपाशी जास्त थांबणारे.

त्याआधी कायद्याचं बघून घ्या. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून आहे आणि लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, घरच्यासाठी असली तरी, तेव्हा पुण्या-मुंबईत बसून वाचत असाल तर माहिती म्हणून वाचा, तिथे करू नका. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर बनवायला केंद्राची परवानगी आहे, एकटा प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विकायची अजिबात नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, अलाबामा आणि मिसिसिपीत तर २०१३ उजाडलं. ब्रिटनमध्ये लायसन्सची अट १९६३ सालीच गेली.

सामान

पहिल्या वेळी ५ गॅलनची म्हणजे १९ लिटरची पेल एल करा, ही बिअरचीच एक जात. साधी आहे, चुका पोटात घालते. लागतं ते असं: हलक्या रंगाची सुकी माल्ट पावडर २.६ किलो (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव), भरडलेला क्रिस्टल माल्ट २२५ ग्रॅम, सेंटेनिअल जातीचे हॉप्स २८ ग्रॅम (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं), कॅस्केड जातीचे हॉप्स ५६ ग्रॅम, आणि एल यीस्टचं एक ११.५ ग्रॅमचं पाकीट, मी यूएस-०५ वापरतो. भांड्यांमध्ये १८-२० लिटरचं स्टीलचं पातेलं, झाकणाला एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी छोटी झडप) बसवता येईल अशी फूड ग्रेड बादली, तळाशी तोटी असलेली दुसरी बादली, ऑटो सायफन आणि नळी, बाटल्या भरायची नळी जिच्या टोकाला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, बुचं बसवायचा कॅपर, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट आहे आणि त्यावरून त्यात किती साखर आहे ते दाखवणारी काचेची नळी. हायड्रोमीटर महाग नसतो, पण दुकानातल्या तयार किटमध्ये नाहीये म्हणून लोक तो घेतच नाहीत, तसं करू नका, का ते पुढे कळेल.

आणि सॅनिटायझर, लावल्यावर परत पाण्याने धुवावा न लागणारा. स्टार सॅन असेल तर १९ लिटर पाण्याला ३० मिली. धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं हे डोक्यात पक्कं बसू दे, आधी घासून मळ काढायचा, मगच सॅनिटायझर, कारण मळावर सॅनिटायझर चालत नाही. उकळून झाल्यावर बिअरला जे जे लागणार, चमचा, नळी, झाकण, थर्मामीटर, तुमचे हातसुद्धा, सगळं त्यातून काढायचं. लाकडी पळी उकळताना चालेल, नंतर नाही, तिच्या चिरांमध्ये जंतू बसतात. फेस राहिला तर राहू दे, त्याने काही होत नाही, धुवायला गेलात की नळाच्या पाण्यातले जंतू परत आले.

उकळायचा दिवस

साधारण चार तास धरा. १० लिटर पाणी ६८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा (इथले सगळे अंश सेल्सिअसच), क्रिस्टल माल्ट मलमलच्या पिशवीत बांधून अर्धा तास त्यात बुडवून ठेवा, पाणी चहासारखं लालसर होईल. पिशवी उचलून निथळू द्या पण पिळू नका आणि पिशवी आत असताना पाणी उकळू तर अजिबात देऊ नका, नाहीतर जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा उतरतो. पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर बाटलीबंद पाणी घ्या, क्लोरीनमुळे बिअरला औषधाच्या कपाटासारखा वास येतो आणि तो नंतर जात नाही.

आता गॅस बंद करून अर्धी माल्ट पावडर घाला. गॅस चालू ठेवून घातली तर ती तळाला बसून करपते. पावडरला वाफ लागली की गुठळ्या होतात, उपम्याचा रवा कसा एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळतो तसंच करायचं. परत उकळी आणा आणि तिथून हलू नका. हे दूध आहे असं समजा. पहिली उकळी फुटते तेव्हा आणि हॉप्स टाकता त्या क्षणी फेस सरसर वर येतो, आणि उतू गेलेला माल्ट शेगडीवर कडक चिक्कीसारखा चिकटतो, सुरीने खरवडावा लागतो. जवळ गार पाण्याची स्प्रे बाटली ठेवा, फेसावर दोन फवारे मारले की बसतो. झाकण ठेवायचं नाही.

उकळी स्थिरावली की सेंटेनिअल घाला आणि ६० मिनिटं लावा, हा कडूपणासाठी. शेवटची १५ मिनिटं उरली की अर्धं कॅस्केड आणि उरलेली माल्ट पावडर (पुन्हा गॅस बंद करून, उकळी आली की घड्याळ पुढे चालू), आणि गॅस बंद केल्यावर बाकीचं कॅस्केड, हे वासासाठी. कॅस्केडचं पाकीट उघडल्यावर नाक आत घालून बघा, मला कोकणातल्या घरी पपनस सोलताना सालीचा जो झणझणीत वास बोटांना राहायचा तो आठवतो.

पातेलं झाकण लावून सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागेल. बादलीत ओता, गार पाणी घालून १९ लिटर करा, आणि ओतताना वरून धार धरून चांगलं खळबळवा, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन हवासा असतो असा हा एकच टप्पा, यानंतर तो शत्रू. तापमान २० अंशाच्या आसपास आलं की हायड्रोमीटरचं रीडिंग घ्या, १.०५० च्या जवळपास यायला हवं, वहीत लिहा. मग यीस्ट वरून भुरभुरा, झाकण, एअरलॉक, झालं.

दोन आठवडे

बादली अंधारात, १८ ते २० अंशात. १२ ते २४ तासात एअरलॉक बुडबुडायला लागतो आणि वर तपकिरी फेसाचा जाड थर येतो. आंबताना बिअर स्वतः गरम होते, खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त, म्हणून खोली २४ ची असेल तर आत २७ असू शकतं आणि मग बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखी जळजळीत चव येते. उन्हाळ्यात मी बादली पाण्याच्या टबमध्ये ठेवतो, तिला जुना टीशर्ट घालतो ज्याची कड पाण्यात बुडलेली असते, आणि समोर पंखा. माठाला ओलं फडकं गुंडाळतात तेच तत्त्व, तीन-चार अंश सहज उतरतात.

मधे उघडून बघायचं नाही. खरंच नाही.

बाटलीत भरायच्या आधी

एअरलॉक शांत झाला म्हणजे बिअर तयार झाली, हा समज सगळ्यात महागात पडतो. मला पडलाय. दुसऱ्याच बॅचला नवव्या दिवशी बुडबुडे थांबले, मी रीडिंग न घेता बाटल्या भरल्या आणि कपाटात ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता खालून धाडकन आवाज आला, मग दहा मिनिटांनी परत एक. सकाळी बघितलं तर चार बाटल्या फुटलेल्या, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात काचेचे तुकडे बोटभर आत रुतलेले होते. त्या कपाटात आमच्या लेकीची सायकल असायची. त्या दिवसापासून मी रीडिंगशिवाय एकही बाटली भरलेली नाही.

कारण साधं आहे. बिअरमध्ये यीस्टला खाण्याजोगी साखर उरलेली असताना तुम्ही वर अजून साखर घालून बूच लावलंत तर यीस्ट दोन्ही खातो, गॅस दुप्पट-तिप्पट होतो आणि जायला जागा नसते. म्हणून चौदाव्या दिवशी रीडिंग घ्या, तीन दिवसांनी परत घ्या. दोन्ही सेम आणि १.०१० ते १.०१४ च्या दरम्यान असतील तरच भरा. आकडा अजून उतरत असेल तर अजून आठवडा थांबा, बादलीत आठवडाभर जास्त राहिल्याने बिअरचं काही बिघडत नाही. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणलं की दारूचं प्रमाण मिळतं, १.०५० वरून १.०१२ म्हणजे साधारण ५ टक्के.

बाटल्या

१९ लिटरमधून गाळ सोडून ३५५ मिलीच्या ४८ ते ५० बाटल्या निघतात. काच तपकिरीच हवी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्समधल्या कडू घटकांपासून स्कंकसारखा (अमेरिकेतला घाण वास सोडणारा प्राणी) घाण वास तयार होतो, उन्हात तर काही मिनिटांत. फिरवून उघडायच्या बाटल्या नकोत, त्यावर बूच नीट बसत नाही, ओपनरने उघडतात त्या घ्या. मित्रांना सांगून ठेवा की बाटली रिकामी झाली की लगेच विसळून ठेवा, तळाला वाळलेला बुरशीचा ठिपका नंतर ब्रशनेही जात नाही आणि तशी बाटली मी सरळ टाकून देतो.

भरायच्या दिवशी बाटल्या उजेडाकडे धरून एकेक तपासा, सॅनिटायझरमध्ये बुडवा, उलट्या निथळत ठेवा. बुचंही वाटीभर सॅनिटायझरमध्ये. आता ११० ग्रॅम साधी साखर कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि हा पाक तोटीवाल्या बादलीत आधी ओता. साखर वजनावर मोजा, कपाने नाही. आणि प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, एका बाटलीत जास्त पडते, एकीत कमी, मग एक फसफसून सांडते आणि दुसरी मिळमिळीत.

आंबलेल्या बिअरची बादली वर ठेवून तिच्यातून खालच्या बादलीतल्या पाकावर सायफनने बिअर सोडा. नळीचं टोक खालच्या बादलीच्या तळाला कडेने वळवून ठेवा, म्हणजे बिअर गोल गोल फिरत पाकात आपोआप मिसळते आणि खळबळत नाही. नळी तोंडाने ओढायची नाही, तोंडात जंतू असतात. वरच्या बादलीच्या तळाला मातकट गाळ असतो, शेवटचे दोनेक सेंटीमीटर तिथेच सोडा, लोभ करू नका. भरून झालं की सॅनिटाइझ केलेल्या चमच्याने अगदी हळू दोन-तीन वेळा फिरवा. या वेळी हवा मिसळली तर महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि हॉप्सचा तो पपनसाचा वास पार मरतो.

तोटीला भरायची नळी जोडा, बाटलीच्या तळाला टेकवली की धार सुरू, उचलली की बंद. काठोकाठ भरा आणि नळी बाहेर काढा, नळीने व्यापलेली जागा रिकामी होते आणि वर साधारण इंचभर मोकळं राहतं, तेवढंच हवं. बुचं लावायला दुसरा माणूस असेल तर उत्तम, आमच्याकडे मी भरतो आणि बायको कॅपर दाबते, ५० बाटल्या तासाभरात होतात. प्रत्येक बाटली क्षणभर उलटी करून गळते का बघा.

एक बाटली प्लास्टिकची भरा, सोड्याची धुतलेली चालेल, बूच लावायच्या आधी दाबून आतली हवा काढा. रोज बोटाने दाबून बघायची, ती दगडासारखी घट्ट झाली की समजायचं काचेच्या बाटल्यांमध्येही गॅस झालाय. एवढ्यासाठी एकही काचेची बाटली फोडायला नको.

बाटल्या अंधारात २० ते २२ अंशात दोन आठवडे उभ्या ठेवा, आडव्या नाही, झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवल्यात तर एखादी फुटली तरी काच आतच राहील. फ्रिजमध्ये लगेच ठेवू नका, गारठ्यात यीस्ट झोपतो आणि गॅस होत नाही. एखादी उघडल्यावर कारंजं उडालं तर बाकीच्या सगळ्या डोळ्यांना गॉगल, हातात जाड ग्लोव्ह्ज घालून फ्रिजमध्ये हलवा, गार झाल्या की दाब उतरतो, मग बूच थोडं उचलून गॅस सोडा.

दोन आठवडे झाले की चार बाटल्या दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, गाळ तळाला घट्ट बसतो. ग्लास तिरका धरून एका धारेत ओता, तळाचा पांढरट थर बाटलीच्या मानेकडे सरकताना दिसेल, तो पोचायच्या आत हात सरळ करा. तो यीस्ट आहे, प्यायला तरी विष नाही पण चव पिठूळ होते. उरलेल्या बोटभर बिअरसकट बाटली सिंकमध्ये न्या आणि ग्लास तोंडाला लावायच्या आधी ती तीन वेळा विसळून पालथी घाला, पुढच्या बॅचला लागणार आहे.