सूर्यग्रहण बघताय, फोटो काढताय? या चुका टाळा

ग्रहणाची बातमी आली की माझा फोन वाजायला लागतो. "एक्स-रे चालेल ना?" "दोन गॉगल एकावर एक लावले तर?" "मोबाइलवर थेट फोटो काढला तर काय होतं?" दर ग्रहणाला प्रश्न तेच.

सोप्यांचा निकाल आधी लावतो. एक्स-रे, काजळी धरलेली काच, सीडी, जुन्या निगेटिव्ह, उन्हाचे गॉगल यातलं काहीही चालत नाही. यांनी डोळे दिपणं थांबतं, पण न दिसणारी अवरक्त किरणं आत जातच राहतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजतंय हे तेव्हा लक्षात येत नाही. दृष्टीत मधोमध डाग पडलाय हे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी समजतं. ग्रहणाच्या चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हा सुरक्षेच्या मानकाचा क्रमांक छापलेला असतो, पण छापायला काय, कोणीही छापतो. मी तो लावून घरातल्या ट्यूबलाइटकडे बघतो. ट्यूब स्पष्ट दिसली की चष्मा कचऱ्यात. वेल्डिंगची काच मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळते, पण १४ नंबरच मागा, त्याहून कमी नंबरची काच पुरेशी गडद नसते. "अकरा घ्या, सगळे तीच नेतात" असं दुकानदार म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. चष्मा लावून दुर्बिणीतून बघणं.

२५ ऑक्टोबर २०२२ची गोष्ट. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामधला मोकळा दिवस, जुहूला ही गर्दी. ग्रहण पावणेपाचच्या सुमारास लागणार होतं, त्याआधीच आम्ही ट्रायपॉड मांडून बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीच्या डोळ्यावर कागदी चष्मा आणि हातात चांगली ५० मिलिमीटरची दुर्बीण. ती दुर्बीण डोळ्याला लावणार एवढ्यात मी ओरडलो. गृहस्थ चिडले. "अहो काका, चष्मा लावलाय ना तिने!" वाद घालण्यात अर्थ नव्हता. कॅमेऱ्याच्या बॅगेत काळा कागद होता, तो दुर्बिणीच्या डोळा लावायच्या बाजूला धरला आणि पुढची बाजू सूर्याकडे केली. काही क्षणांत कागदातून धूर निघाला. चष्म्याची फिल्म नुसत्या उन्हासाठी असते, भिंगाने गोळा केलेल्या उन्हासाठी नाही. ती वितळते आणि मागे डोळा असतो. गृहस्थांनी मुकाट्याने दुर्बीण पिशवीत टाकली. मुलीने तो कागद मात्र मागून घेतला.

सौर फिल्टर नेहमी पुढच्या भिंगाच्याही पुढे, सूर्याच्या बाजूला. दुर्बीण, टेलिस्कोप, कॅमेरा, सगळ्यांना हाच नियम. जुन्या टेलिस्कोपसोबत डोळ्याच्या बाजूला स्क्रूने बसणारा छोटा फिल्टर यायचा, तो उष्णतेने तडकतो. असेल तर आजच फेकून द्या. पुढे लावलेला फिल्टर मी चिकटपट्टीने चारी बाजूंनी बांधतो. समुद्राकाठच्या वाऱ्याने तो एकदा उडाला की डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमागचा डोळा गेला.

"माझ्याकडे एनडी १००० आहे" म्हणणारेही भेटतात. हा लेन्सवर लावायचा, प्रकाश कमी करणारा साधा फिल्टर. तो प्रकाश हजारपट कमी करतो, आपल्याला लाखपट लागतो. धबधब्याचे फोटो काढा त्याने.

आता फोटोंचं. २०० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर सूर्य जेमतेम दोन मिलिमीटरचा पडतो, तेव्हा कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स घेऊन आलात तर ठिपकाच मिळणार. ऑटो एक्सपोजर बंद करा. आजूबाजूचं काळं बघून कॅमेरा सूर्याला पांढराफट्ट करतो. सौर फिल्टरवर मी आयएसओ १००, एफ/८ आणि शटर १/५०० सेकंदाला सुरुवात करतो आणि वरखाली करून बघतो. कोर बारीक झाली म्हणून शटर बदलत बसू नका. उरलेल्या भागाचा उजेड तेवढाच असतो. संध्याकाळच्या ग्रहणात मात्र सूर्य धुरकटात उतरतो, तेव्हा बदलावंच लागतं. फोकस हाताने सूर्याच्या कडेवर किंवा डागावर करायचा आणि रिंगला पट्टी मारायची. आणि हे सगळं ग्रहणाच्या आदल्या रविवारी करून बघा. सूर्य रोज उगवतो, सराव फुकट आहे. पण नाही, लोक फिल्टरचं पाकीट ग्रहण लागल्यावर फोडतात, आणि मग "काका, काहीच दिसत नाही" म्हणून हाका मारतात.

नुसता मोबाइल असेल तर सूर्याच्या मागे लागूच नका. बुंदीचा झारा घ्या, सूर्याकडे पाठ करा आणि झाऱ्याची सावली भिंतीवर पाडा. प्रत्येक भोकातून एक चंद्रकोर उतरते, तिचा फोटो काढा. इथेही घोटाळा करतात: झारा भिंतीपासून वीतभर अंतरावर धरतात आणि गोल ठिपके बघून "हे खोटं आहे" म्हणतात. दोन मीटर लांब जा. एवढ्या अंतरावर सूर्याची प्रतिमा साधारण १८ मिलिमीटरची होते, तेव्हाच कोर कळते. झाऱ्यातून सूर्याकडे बघणारा महाभागही मी पाहिलाय.

जागेचं म्हणाल तर, ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर गेलेल्यांचा सूर्य वेळेआधीच मलबार हिलमागे गेला. त्या दिवशी मुंबईत ग्रस्तास्त होता, म्हणजे सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार होता, मोक्ष (ग्रहण सुटणं) दिसणारच नव्हता, म्हणजे शेवटची दहा मिनिटं लाखमोलाची. जायच्या आधी सूर्य कुठे मावळतो ते दोन दिवस बघून ठेवा. गच्चीवरून बघणार असाल तर चावी आदल्या रात्रीच सेक्रेटरीकडून घ्या.

आणि मावळतीचा लाल सूर्य "आता सौम्य झालाय" म्हणून फिल्टर काढू नका. ढगांचंही तेच. मुंबईतून दिसणारं पुढचं खंडग्रास २ ऑगस्ट २०२७ला आहे, सोमवार, दिव्यांची अवस, भर पावसाळा. पातळ ढगाआडून कोर दिसली की सगळे चष्मा वर करतील. ढग सरकायला सेकंदही लागत नाही. मी तर चष्मा न काढता ढग जायची वाट बघेन, आणि नाहीच गेला तर छत्री उघडेन.