स्ट्रॉबेरीतून डीएनए कसा काढायचा

गाड्यावर मागे उरलेली मऊ स्ट्रॉबेरी या कामाला उत्तम. दोन-तीन फळं पुरतात. डीएनए गुणसूत्रांत असतो; माणसाच्या पेशीत त्यांचे दोन संच असतात, हिच्यात आठ. शिवाय पिकताना फळातल्याच विकरांनी पेशीभित्तिका सैल केलेल्या असतात. महाबळेश्वरचा हंगाम संपला की मी वर्गात मटार वापरते, पण त्यात प्रथिनं फार. मग वाटलेल्या मटारात भांड्याचं लिक्विड घालून झालं की थोडा कच्च्या पपईचा रस घालते. त्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. डीएनए पहिल्यांदा वेगळा करणाऱ्या फ्रीडरिश मीशरने 1869 मध्ये हेच काम डुकराच्या जठरातल्या पेप्सिनकडून करून घेतलं होतं. त्याचा कच्चा माल होता जखमांच्या पट्ट्यांवरचा पू, आणि प्रयोगशाळा ट्युबिंगनच्या किल्ल्यातलं जुनं स्वयंपाकघर! तेव्हा घरून तक्रार आली तर हे सांगा.

अर्ध्या वाटी पाण्यात चहाचा एक चमचा भांडी घासायचं लिक्विड आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. फेस नको. स्ट्रॉबेरी जाड पिशवीत चांगली कुस्करून त्यात हे पाणी घाला आणि दोन मिनिटं हलक्या हाताने चोळा. लिक्विड पेशीपटलातली मेदद्रव्यं विरघळवतं, केंद्रक फुटतं, डीएनए पाण्यात येतो. इथे जोरात घुसळलंत तर लांब रेणू तुटतात आणि पुढे धाग्यांऐवजी चुरा हाती लागतो. मलमलच्या फडक्यातून गाळा, पिळू नका.

आता गॅस बंद, अल्कोहोल पेट घेतं. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, 90 टक्क्यांच्या वरचं, बाटलीसकट बर्फात गार केलेलं हवं. सॅनिटायझरची जेल चालत नाही. ग्लास तिरपा धरून रसाइतकंच अल्कोहोल कडेने सोडा, म्हणजे ते वर तरंगेल. डीएनएच्या फॉस्फेटांवर ऋण भार असतो, म्हणून तो पाण्यात खुशाल विरघळतो. मिठातलं सोडियम तो भार झाकतं, अल्कोहोल पाण्याची पकड सोडवतं, आणि दोन थरांच्या सीमेवर पांढरे धागे वर येऊ लागतात.

पांढरं दिसलं की मुलं टाळ्या वाजवतात, मी थांबवते. गिळगिळीत, काडीवरून घसरणारा गोळा बहुधा पेक्टिनचा, म्हणजे पेशीभित्तिकेतल्या चिकट पदार्थाचा. काडीला गुंडाळला जातो तो डीएनए, आणि तोही शुद्ध नव्हे. त्यात डीएनएचा भाऊबंद आरएनएही असतो. आरएनएचा कणाही साखर-फॉस्फेटचाच, त्यामुळे अल्कोहोल दोघांना सारखंच बाहेर काढतं. आरएनएच्या साखरेवर एक हायड्रॉक्सिल गट जास्त असतो, त्यामुळे तो लवकर तुटतो. तरी त्याचे तुकडे इथे असतातच. प्रयोगशाळेत त्यासाठी आरएनेज हे आरएनए तोडणारं विकर घालतात, घरी सोडून द्या.

सूक्ष्मदर्शकाखाली दुहेरी सर्पिल शोधू नका. रेणूची जाडी 2 नॅनोमीटर. तुम्हाला दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता. धागे छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्येच ठेवा. उरलेला गुलाबी रस मात्र लगेच ओतून टाका, सरबत समजून कोणीतरी पितं.