हातसामानातील द्रवपदार्थ : या चुका टाळा

ट्यूबमध्ये आता थोडीच पेस्ट उरली आहे, मग ती चालेलच, हा समज विमानप्रवासात हमखास नडतो. 100 मिलिलिटरची मर्यादा आतल्या पदार्थाला नव्हे, तर ट्यूबच्या किंवा बाटलीच्या क्षमतेला लागू होते. तपासणी करणारा कर्मचारी 150 मिलिलिटरची चपटी झालेली ट्यूब उलटसुलट करतो, तिच्यावर छापलेला आकडा वाचतो आणि ती बाजूला काढतो. तिथे हुज्जत घालून उपयोग होत नाही. म्हणून लहान बाटल्या घेतानाच क्षमता छापलेल्या घ्याव्यात.

दुसरी चूक ‘द्रव’ या शब्दाचा अर्थ संकुचित धरण्याची. ऑगस्ट 2006 मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उधळला गेला आणि त्यातून हे निर्बंध आले. त्यामुळे पदार्थ पिण्याजोगा आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. जेल, क्रीम, फवाऱ्याचे डबे, मध, जॅम हे सारे त्यात मोडते आणि बहुतेक ठिकाणी एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत बसवावे लागते. ही पिशवी बॅगेच्या तळाशी नको, वरच ठेवावी.

सर्वांत जास्त फसगत होते ती विमान बदलताना. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे नियम सैल झाले आहेत, पण युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2024 पासून अशा स्कॅनरवरही 100 मिलिलिटरची मर्यादा पुन्हा लागू केली होती, हे लक्षात घेता निघतानाच्या विमानतळाचा अनुभव पुढे गृहीत धरू नये. वाटेतल्या आणि परतीच्याही विमानतळाचा नियम निघण्यापूर्वीच पाहावा. शुल्कमुक्त दुकानातली मोठी बाटली पावतीसह मोहोरबंद पिशवीत मिळते. शेवटच्या मुक्कामापूर्वी ती पिशवी उघडली, तर पुढच्या तपासणीत बाटली गमवावी लागू शकते.

प्रवासात लागणारी औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना सहसा सवलत असते. मात्र ती वेगळी काढून, सामान यंत्रात सरकवण्याआधी कर्मचाऱ्याला सांगावीत. औषधाची चिठ्ठी हाताशी असावी.

बाटली विमानात गळण्याचे कारण बहुधा आतली हवा असते. उंचीवर केबिनमधला दाब घटतो, हवा प्रसरण पावते आणि द्रव झाकणातून बाहेर ढकलला जातो. मऊ बाटली दाबून, हवा काढून मगच झाकण घट्ट लावावे.

तरीही एखादी वस्तू अडलीच, तर वेळ असल्यास मागे जाऊन ती चेक-इनच्या सामानात देता येईल का, हे विचारावे, किंवा सोडायला आलेल्यांच्या हाती ती सोपवावी.