माझा अनुभव : विकीच्या तक्त्यात तारखांची क्रमवारी चुकत असेल तर

भारतीय फुटबॉलपटूंच्या यादीत ‘पहिला सामना’ हा रकाना चढत्या क्रमाने लावला की सुनील छेत्री (१२ जून २००५) वर आणि लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध बहुतांश अनवाणी उतरलेल्या संघातले खेळाडू (३१ जुलै १९४८) खाली! क्रम वर्षाने नव्हे, दिवसाच्या आकड्याने लागत होता. महिन्यांची नावं एकसारखी केली, उपयोग शून्य. वर्ष आधी लिहून पाहिलं, तर ‘१९४८ जुलै ३१’ वाचवेना. अक्षरशः वैताग आला.

चाललं ते असं. पानाच्या स्रोत मजकुरात, तारखेच्या चौकटीतल्या उभ्या रेघेनंतर (|) ‘डेटा-सॉर्ट-व्हॅल्यू’ (data-sort-value), म्हणजे क्रमवारीसाठीची छुपी किंमत सांगणारा गुणधर्म, रोमन लिपीत, मध्ये हायफन देऊन लिहा. मग बरोबरचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणात वर्ष-महिना-दिवस. आकडे इंग्रजीच हवेत, शिवाय महिना-दिवस दोन अंकी: जूनसाठी सहा नव्हे, शून्य-सहा. त्यानंतर दुसरी उभी रेघ, आणि तिच्यापुढे नेहमीची मराठी तारीख. वाचकाला तीच दिसते. एकही ओळ सोडू नका, अर्धवट भरलेल्या रकान्यात क्रम पुन्हा बिघडतो. जतन करण्याआधी झलक पाहून शीर्षकावर दोनदा टिचकी मारा: एकदा १९४८ वर यायला हवं, एकदा खाली.